‘दुष्काळ’, ‘टंचाई’ आणि नदी : महाराष्ट्रातील पाणीविषयक कायद्यांच्या परिभाषेचा इतिहास

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आज खारघर नगराच्या वस्तीत जवळजवळ मिसळून गेले आहे. ‘पाडा’ हा शब्द संस्कृत ‘पाटक’ म्हणजे गावाचा एक भाग, वाडी, यावरून आला. ‘बेल’ हा ‘बिल्व’ शब्दाचा अपभ्रंश. एकीकडे टेकड्या व दुसरीकडे पनवेलची खाडी, अशा या पट्टीत वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. अशा गावाचे नाव दुष्काळविषयक विवेचनाच्या आरंभी यावे याचे वाचकास आश्चर्य वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय पाऊस हा नसून कायदा हा आहे. आणि कायद्याच्या दृष्टीने पाणी केव्हा ‘कमी’ असते व कोणते पाणी रक्षणास ‘पात्र’ ठरते, हे पावसाच्या मापावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते शब्दांच्या व्याख्येवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे, विधिज्ञ नव्हे. म्हणून अधिनियमांचे कलमवार विवरण न करता त्यांतील चार-पाच शब्दांचा माग काढावा, एवढाच येथे हेतू आहे.

बेलपाड्याच्या परिसरापुरते बोलावयाचे तर येथे शासनाचा पाण्याशी आलेला जुना संबंध पाणी राखण्याचा नसून पाणी अडवून बाहेर ठेवण्याचा होता. ‘खारघर’ या नावातील ‘खार’ म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी क्षारयुक्त जमीन. अशा जमिनीभोवती बांध घालावयाचा, बांधात ‘उघाडी’ ठेवावयाची, म्हणजे भरतीच्या वेळी मिटणारे व ओहोटीच्या वेळी आतले गोडे पाणी बाहेर सोडणारे दार, आणि पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन भात पिकवावयाचे, ही कुलाबा जिल्ह्यातील शेतीची परंपरागत रीत. १९४८ चा मुंबई खार जमीन अधिनियम व पुढे १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम हे या रीतीस कायद्याचे रूप देणारे होत. दोहोंतही पाणी हा शत्रू आहे. घाटावरच्या कायद्यांत ते धन आहे. एकाच राज्याच्या विधिसंग्रहात एकाच द्रव्याविषयी असे दोन परस्परविरुद्ध भाव नांदत आले, आणि कोकणाकडे पाहताना शासनाची दृष्टी दीर्घकाळ पहिल्याच भावाने भारलेली राहिली, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवणे इष्ट होईल.

पाणी जतन करण्याची राजाज्ञा ही काही इंग्रजी अंमलाची देणगी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ला बांधण्याआधी पाण्याची पाहणी करण्यास व असलेले पाणी जपून वापरण्यास सांगितले आहे. मात्र तो उपदेश दुर्गापुरता आहे. गावाच्या पाण्याची व्यवस्था रूढीवर चाले, आणि ती रूढी किती सूक्ष्म असू शके याचे उदाहरण म्हणून धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धतीकडे बोट दाखविता येईल. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे ‘फड’ पाडलेले असत. एका फडात एकच पीक. पाणी देणारा पाटकरी, त्यावर देखरेख करणारा हवालदार, राखण करणारा जागल्या, असे अधिकार वाटलेले असत. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड सर्वानुमते पडीक ठेवला जाई. टंचाईचा भार एकावर न पडता सर्वांवर पडे. येथे ‘दुष्काळ’ जाहीर करणारा कोणी अधिकारी नव्हता. नदीतील पाणी पाहून निर्णय होत असे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्याच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात १८७९ साली दोन कायदे झाले. पहिला मुंबई जमीन महसूल संहितेचा, त्या वर्षीचा पाचवा अधिनियम. दुसरा मुंबई पाटबंधारे अधिनियम, त्याच वर्षीचा सातवा. पहिल्याच्या ३७ व्या कलमाने नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ आणि सर्व साचलेले व वाहते पाणी, त्यावर इतर कोणाचा हक्क सिद्ध नसेल तेथवर, सरकारचे ठरविले. (हीच तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमात उतरली आहे.) दुसऱ्याने, सरकारने अधिसूचना काढून एखाद्या नदीचे पाणी अमुक कालव्यासाठी वापरले जाईल असे जाहीर केले, म्हणजे त्या पाण्यावर कालवा-अधिकाऱ्याचा अंमल चालू होईल, अशी योजना केली.

या दुसऱ्या कायद्यातील ‘कालवा’ शब्दाची व्याख्या फार मनोरंजक आहे. तीत पाट, नळ, जलाशय येतात, हे ठीकच. पण ज्यास अधिसूचना लागू केली आहे असा नदीचा, ओढ्याचा, तलावाचा किंवा नैसर्गिक नाल्याचा कोणताही भागही ‘कालवा’ होय, असे तीत म्हटले आहे. म्हणजे नदी ही नदी म्हणून कायद्यात शिरत नाही. ती कालवा झाल्यावर शिरते. ज्या नदीवर अधिसूचना निघाली नाही, तिच्या पाण्याची मालकी सरकारकडे; परंतु तिचे पाणी किती उरावे, ते कोणी राखावे, हे सांगणारे कलम या कायद्यात सापडत नाही. १९१४ च्या दुरुस्तीने ‘दुसऱ्या वर्गाची पाटबंधारे कामे’ म्हणून जुन्या बंधाऱ्यांची व त्यांवरील हक्कांची नोंद करण्याची सोय झाली व फडांसारख्या रूढींना कागदावर जागा मिळाली. पण मूळ व्याख्या तशीच राहिली. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने सत्त्याण्णव वर्षांचा जुना कायदा रद्द केला, तरी नदीला अधिसूचनेद्वारा ‘कालवा’ करण्याची ही रीत त्याने जशीच्या तशी उचलली. पूर्वीच्या ५ व्या कलमाच्या जागी ११ वे कलम आले, इतकेच.

आता ज्या शब्दासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळू. संस्कृतात या आपत्तीस निरनिराळी नावे आहेत. ‘दुर्भिक्ष’ म्हणजे भिक्षाही मिळणे कठीण अशी स्थिती, ‘अवर्षण’ म्हणजे पावसाचा अभाव, ‘दुष्काल’ म्हणजे वाईट काळ. पहिला शब्द अन्नाकडे पाहतो, दुसरा आकाशाकडे. तिसरा कशाकडेच निर्देश करीत नाही आणि म्हणूनच सर्वांना कवेत घेतो. मराठीने व्यवहारात तिसरा पत्करला. त्यामुळे इंग्रजीत ‘फॅमिन’ व ‘ड्रॉट’ अशा दोन वेगळ्या शब्दांनी दाखविल्या जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे अन्नावाचून माणसे मरणे आणि पावसावाचून जमीन करपणे, या दोन्हींस मराठीत ‘दुष्काळ’ हाच शब्द आहे. १८७७ चाही दुष्काळ, १९७२ चाही दुष्काळ.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तीन वर्षांनी, १९६३ साली, विधिमंडळाने एक लहानसा अधिनियम संमत केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळणे हाच त्याचा विषय व तेच त्याचे नाव. कारण असे दिले गेले की, शेतीच्या परिस्थितीवर शासन सतत लक्ष ठेवून असते व टंचाईची चिन्हे दिसताच साहाय्याची कामे सुरू होतात. तेव्हा ‘फॅमिन’ उद्भवण्यास आता वावच उरलेला नाही. जेथे जेथे तो शब्द होता तेथे तेथे ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घातला गेला. एखाद्या विधिमंडळाने एका आपत्तीचा नाश शब्दलोपाने जाहीर करावा, अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात विरळाच.

इंग्रजीच्या दृष्टीने या बदलात काही अर्थ होता. अन्नाच्या अभावी होणारे सामूहिक मृत्यू खरोखरच मागे पडत चालले होते. पण १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली, आणि इंग्रजीतून आलेली ही परिभाषा मराठीत उतरू लागली. ‘फॅमिन’ गेला तेव्हा त्याच्याबरोबर मराठी ‘दुष्काळ’ही गेला, राहिली ती ‘टंचाई’. ‘टंचाई’ हा मुळात बाजारातला शब्द. साखरेची टंचाई, रॉकेलची टंचाई, सुट्या पैशांची टंचाई. ती तात्पुरती असते, माल आला की संपते. दुष्काळ असा संपत नाही. एका शब्दाने ऋतुचक्र, जमीन, गुरे, स्थलांतर असे सारे सुचविले जाई. दुसऱ्याने केवळ पुरवठ्यातील तूट सुचविली जाते, आणि जी गोष्ट पुरवठ्याची तूट आहे तिच्यावरचा उपाय साहजिकच पुरवठा हाच ठरतो. जिल्हाधिकारी कार्यालयात ‘टंचाई शाखा’ असते, दरवर्षी ‘टंचाई आराखडा’ होतो, त्याचे ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे तीन टप्पे असतात. आराखड्यात विंधणविहिरी, तात्पुरत्या नळयोजना, विहिरींचे अधिग्रहण व टँकर येतात. नदी त्यात येत नाही.

याचा अर्थ शासनाने काहीच केले नाही असा कोणी घेऊ नये. १९४२ च्या जमीनसुधारणा योजना अधिनियमाखाली घाटावर बांधबंदिस्ती झाली. १९७२ च्या दुष्काळातील कामांतून रोजगार हमीची कल्पना रुजली व १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचा आधार मिळाला. त्या कामांतून पाझर तलाव व नालाबांध उभे राहिले. परंतु येथेही पाणी अडविणे हे कामाचे फळ होते; कायद्याचे लक्ष्य रोजगार हे होते. हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे, कारण रोजगाराची निकड संपली की बांधलेल्या तलावाची निगा कोणी राखावी हे त्या कायद्याने ठरविण्याचे कारण नव्हते.

वगळलेला शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही, व अखेर तो शासनाच्या कागदावरही परतला; पण कसा, ते पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या खरिपानंतर शासनाने हजारो गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. ‘सदृश’ हा प्रत्यय येथे व्याकरणाचे काम करीत नव्हता, दायित्वाचे करीत होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले, आणि मे २०१६ मध्ये शासनाने शुद्धिपत्रक काढून ‘दुष्काळसदृश’ असेल तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे असे कळविले. एकोणतीस हजारांहून अधिक गावांचा दुष्काळ अशा रीतीने एका शुद्धिपत्रकाने ‘खरा’ झाला. त्याच वर्षी केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली व तिच्या निकषांवर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ गंभीर व ३९ मध्यम.

तथापि निकष कोणतेही असोत, जुनी पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी असो वा नव्या संहितेतील पर्जन्य, पेरा, मृदेतील ओलावा व पिकांची स्थिती असो, मोजमाप प्रामुख्याने खरिपाच्या पिकाभोवती फिरते. आता बेलपाड्याकडे परत या. कोकणात भाताचे पीक पावसाळ्यात उभे राहते व दसरा-दिवाळीच्या सुमारास कापले जाते. ते पीक चांगले आले की त्या वर्षी दुष्काळ नाही. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा खरिपाचा हिशोब केव्हाच बंद झालेला असतो. पनवेल शहरास पाणी देणाऱ्या गाढी नदीवरील देहरंग धरणाचा साठा उन्हाळ्यात अपुरा पडतो, ही तेथील नागरिकांच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. एवढ्या पावसाच्या प्रदेशात ‘दुष्काळ’ हा शब्द लागू होण्याचा मार्ग जवळजवळ बंद असून त्याला फक्त ‘टंचाई’ लागू पडते, हा भूगोलाचा दोष नव्हे.

पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी म्हणून खास असा पहिला कायदा महाराष्ट्रात १९९३ साली झाला. मध्य प्रदेशाने १९८६ मध्येच पेयजल परिरक्षण अधिनियम केला होता. महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणण्यास मनाई केली, टंचाईक्षेत्र जाहीर करून भोवतालच्या विहिरींचा उपसा आवरण्याचा अधिकार दिला, आणि अतिशोषित पाणलोट क्षेत्र ही संज्ञा कायद्यात आणली. दुष्काळात ऊस जगावा की घागर भरावी, या प्रश्नास कायद्याने दिलेले हे पहिले स्पष्ट उत्तर होय, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु येथेही सारा भार ‘स्रोत’ या शब्दावर आहे. (हा शब्द शासकीय फलकांवरसुद्धा ‘स्त्रोत’ असा लिहिलेला आढळतो, त्यात ‘त’ला जागा नाही.) संस्कृतात ‘स्रोतस्’ म्हणजे प्रवाह, ‘स्रु’, वाहणे, हा त्याचा धातू. प्रशासकीय मराठीत मात्र त्याचा अर्थ ‘जेथून पाणी घेतले जाते ते ठिकाण’ असा झाला. वाहण्याचा वाचक शब्द एका स्थिर बिंदूचा वाचक बनला, आणि तो बिंदूही व्याख्येप्रमाणे शासन किंवा स्थानिक संस्था लोकांना ज्यातून पाणी पुरविते तोच. खारघर परिसराच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे. तेव्हा ज्या विहिरीवर, येथील बोलीत ‘बावे’वर, गावाच्या पिढ्या जगल्या, ती नळ आल्यावर सार्वजनिक स्रोत राहत नाही, आणि ती स्रोत राहिली नाही म्हणजे तिच्याभोवतीचे ५०० मीटरांचे कडेही मावळते. कायदा वापरातील विहिरीचे रक्षण करतो, भूजलाचे नव्हे.

ही उणीव २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने भरून काढावयाची होती. त्याने भूजलास पाणलोटाच्या एककात पाहिले, ६० मीटरांहून खोल विहिरींस बंधन घातले, पाणलोटनिहाय समित्यांची तरतूद केली. मात्र त्याला राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये मिळाली, तो १ जून २०१४ पासून अमलात आला, आणि नियमांचा मसुदा लोकांपुढे येण्यास २०१८ उजाडले. याच २०१४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तीव्र अवर्षणात आपला पहिला राज्यव्यापी भूजल कायदा केला व खोऱ्यांना समतोल गाठण्यासाठी वीस वर्षांच्या मुदती आखून दिल्या. विलंब तेथेही आहे, पण तो कायद्याच्या आत लिहिलेला आहे. आपला कायद्याबाहेर घडतो.

नदीच्या रक्षणाचा धागा या सर्वांहून वेगळा चालला, तो प्रदूषणाच्या कायद्यातून. या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ चा व त्याखालील मंडळ १९७० चे. केंद्राचा कायदा १९७४ चा, आणि महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. केंद्राच्या कायद्यातील ‘प्रवाहा’ची व्याख्या मला सर्व जलविषयक व्याख्यांत सरस वाटते. तीत नदी येते, भूमिगत पाणी येते, खाडीचे भरतीचे पाणी येते, आणि जलमार्ग ‘वाहता असो वा तत्काळी कोरडा असो’ तोही येतो. कोरडी नदीही नदीच, हे मान्य करणारे भारतीय कायद्यातील हे दुर्मीळ स्थळ होय. फड चालविणाऱ्या शेतकऱ्यास ते सांगावे लागले नसते. परंतु ही व्याख्या नदीत काय टाकू नये यासाठी आहे, नदीतून किती घेऊ नये यासाठी नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून जाणाऱ्या कासाडीचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले ते सांडपाण्यामुळे. उन्हाळ्यात सांडपाणी पातळ करण्यापुरतेही नैसर्गिक पाणी नदीत का नसते, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत बसत नाही.

नदीकाठच्या उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे ‘नदी नियमन क्षेत्र’ धोरण राज्याने २००० साली आणले, २००९ मध्ये सुधारले व फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केले. ते उद्योगांच्या वाढीस अडसर ठरते असा आक्षेप होता. आक्षेपाचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ते धोरण शासन निर्णयाने आले होते, म्हणून शासन निर्णयाने गेले. विधिमंडळात त्यावर मत द्यावे लागले नाही. पंधरा वर्षे नदीला जे संरक्षण होते ते अधिनियमाच्या नव्हे, परिपत्रकाच्या भाषेत लिहिलेले होते.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने मात्र एक नवा विचार आणला, आणि तो जुन्या फडाच्या सर्वांत जवळ जातो. उपखोऱ्यातील सर्व धरणांतील पाण्याचे उपलब्धतेशी प्रमाण ऑक्टोबरअखेर साधारण समान राहावे, असे त्याच्या १२ व्या कलमात आहे. त्याच आधारावर प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी गोदावरी खोऱ्याबाबत आदेश दिला. पैठणच्या जायकवाडीत १५ ऑक्टोबरपर्यंत खरिपाचा वापर धरून ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडावयाचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे तत्त्व मान्य केले, आणि २०१८ व २०२३ साली त्यानुसार पाणी सोडले गेले. तूट वाटून घ्यावी हे फडाचे तत्त्व येथे खोऱ्याच्या मापाने आले. फरक एवढाच की फडात वाटणी नदीत दिसणाऱ्या पाण्याची होती; येथे ती धरणांतील टक्क्यांची आहे, व सोडलेल्या पाण्यातून वाटेत नदीचे पात्र जे शोषून घेते त्याची नोंद ‘वहनव्यय’ म्हणून होते. नदीने प्यालेले पाणी हिशोबात तोटा ठरते.

न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीस कायद्याने व्यक्तित्व दिले. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेस ते दिले व सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच त्यास स्थगिती दिली. आपल्याकडे इतक्या दूर जाण्याचे कारण नाही असे कित्येकांस वाटेल, आणि प्रस्तुत लेखकाचाही तसा आग्रह नाही. परंतु १८७९ पासून आजवर महाराष्ट्राच्या कायद्यांत नदी ‘कालवा’ झाली, ‘प्रवाह’ झाली, ‘स्रोत’ झाली, ‘उपखोरे’ झाली, आणि प्रत्येक नावाबरोबर तिच्या पाण्याचा एकेक हिशोब बांधला गेला. अवर्षणाच्या वर्षी तिच्या स्वतःच्या पात्रात किती पाणी उरावे, याचा आकडा यांपैकी कोणत्याही व्याख्येत मिळत नाही. उन्हाळ्यात गाढी नदीच्या पात्रातून चालत जाता येते. त्या वेळी ती कोणत्या अधिनियमाखाली नदी असते, हे सांगण्यास १९७४ च्या कायद्यातील ते ‘तत्काळी कोरडा’ एवढे दोन शब्दच काय ते हाताशी आहेत.